उस्तादांच्या वहीतली नावं

उस्तादांना वाचता येत नव्हतं. तरी रोज सकाळी पलटणीच्या मैदानावर ते वही उघडून उभे राहत आणि तिच्यात बघून आमची हजेरी घेत. बोट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सरकायचं, मध्येच एखाद्या नावापाशी डोळे बारीक व्हायचे, पान बरोबर जागी उलटलं जायचं. नवख्या माणसाला वाटावं, कचेरीतून निवृत्त झालेला कारकून आहे. खरं म्हणजे तेवीसच्या तेवीस नावं त्यांना तोंडपाठ होती, ज्या क्रमानं आम्ही फुटबॉलच्या क्लबात आलो त्या क्रमानं. वही सरळ धरली आहे की उलटी, हे त्यांना वरच्या चामड्याच्या वेष्टनावरून कळायचं. ते वेष्टन त्यांनी स्वतः शिवलं होतं आणि समोरच्या अंगाला दोऱ्यानं एक फूल काढलं होतं.

आतलं लिहिणं माझं होतं. निजामाच्या राज्यात आमची शाळा उर्दूतून चालायची आणि माझं अक्षर बरं होतं, म्हणून क्लबात आल्यावर महिन्याभरातच उस्तादांनी वही माझ्या हातात दिली. तेव्हापासून ते मला मुन्शी म्हणू लागले. हळूहळू सगळं गाव म्हणू लागलं. मी उजव्या अंगानं पळायचो आणि वही लिहायचो. पळण्यात मी बेताचाच होतो, लिहिण्यात मात्र माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता. मला आज जे कबूल करायचं आहे ते त्या लिहिण्याबद्दलच आहे, पण एकदम तिथे जायचं धाडस होत नाही. आधी उस्तादांबद्दल सांगतो.

हिंगोलीला पूर्वी छावणी होती. माझ्या जन्माआधीच ती उठली. पलटण गेली, घोडे गेले, मागे राहिलं ते भलंमोठं मैदान आणि ज्यांच्या हाताला आता काम नव्हतं असे काही कारागीर. उस्तादांचे वडील घोड्यांची खोगिरं शिवायचे. घोडे गेल्यावर ते टांग्याचं सामान, बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे आणि शेतकऱ्यांच्या फाटक्या मोटा शिवू लागले. पलटण निघायच्या आठवड्यात एका गोऱ्या साहेबानं उसवलेला फुटबॉल त्यांच्याकडे टाकला होता. साहेब तो न्यायला आलाच नाही. वडिलांनी चेंडू शिवून खुंटीला टांगून ठेवला. दुसऱ्याची वस्तू म्हणून कुणाला हात लावू दिला नाही. वडील वारल्यावर कितीतरी वर्षांनी उस्तादांनी तो खाली काढला, एकेक पट्टी उसवली, कागदावर मापं घेतली आणि तसाच नवा चेंडू शिवला. शिवून झाल्यावर याचं करायचं काय, असा प्रश्न पडला, तेव्हा आमचा क्लब निघाला. ही एकोणीसशे चाळीसच्या सुमाराची गोष्ट.

क्लबाला नाव नव्हतं. कुणी म्हणे अमक्या अधिकाऱ्याचं नाव देऊ, कुणी म्हणे तमक्या सावकाराचं, म्हणजे ते निदान बूट तरी देतील. उस्ताद म्हणाले, "नाव दिलं की मालक येतो. राहू द्या." बाहेरगावी सामन्याला गेलो आणि तिथला लिहिणारा विचारू लागला की ते सांगत, "लिखो, हिंगोलीवाले." बूट आम्हांला शेवटपर्यंत मिळाले नाहीत. घोट्याला चिंध्या बांधून आम्ही अनवाणीच खेळत असू.

उस्ताद स्वतः खेळत नसत. लहानपणापासून मांडी घालून शिवणकाम केल्यानं त्यांचे गुडघे गेले होते. शिट्टी तोंडात धरून ते रेषेच्या कडेनं वाकत वाकत आमच्याबरोबर पळायचे आणि धाप लागली की तिथेच उकिडवे बसायचे. चेंडूवर मात्र त्यांचा फार जीव. त्यावर कुणी बसलेलं त्यांना खपत नसे. रोज सकाळी तो कानाशी धरून बोटानं टकटक करायचे आणि म्हणायचे, "आज उपाशी आहे." मग चामड्याची वादी सोडून, आतलं रबर बाहेर काढून, गाल फुगवून त्यात हवा भरायची. आमच्याशी ते मराठीत बोलत, पण वाक्य मध्येच उर्दूत कधी शिरेल याचा भरवसा नसे.

माझ्या आईला त्या चेंडूचा फार विटाळ. चामड्याचा, त्यात मुसलमानाच्या हातचा. मी खेळून आलो की मागच्या दारी बादली तयार असायची. आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकू देत नसे. उस्तादांना हे माहीत होतं. ज्या दिवशी चेंडूला तेल चोळलेलं असेल त्या दिवशी ते मला जाताना सांगत, "मुन्शी, अम्माला म्हणावं आज दोन बादल्या." ते हसून सांगत आणि मीही हसत असे. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे तेव्हा मला सुचलं नाही.

त्यांच्या खरेपणाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एकदा पूर्ण्याला सामना होता. आम्ही एक गोलनं पुढे होतो, वेळ संपत आली होती. आमच्या गोलाजवळ चेंडू बाहेर गेला. कुणाचा पाय शेवटी लागला ते पंचाला दिसलं नाही. कडेला उस्ताद उकिडवे बसलेले. पंचानं त्यांना विचारलं. ते आमचे आहेत हे त्याला ठाऊक होतं, तरी विचारलं. उस्ताद म्हणाले, "आमच्या किसनचा लागला." समोरच्या संघाला कोपऱ्यावरून लाथ, म्हणजे कॉर्नर, मिळाली, तिच्यावर त्यांनी गोल केला आणि नंतर आणखी एक करून आम्हांला हरवलं. परतीच्या गाडीत कुणी उस्तादांशी बोलेना. बसमतच्या पुढे किसननंच तोंड उघडलं. "उस्ताद, गप बसला असता तर काय झालं असतं?" उस्ताद म्हणाले, "काही नसतं झालं. जिंकलो असतो. पर पुढच्या वेळी मला कुणी विचारलं नसतं." त्या दिवसापासून पूर्ण्यात, बसमतेत, कुठेही गेलो तरी वाद झाला की लोक म्हणायचे, त्या हिंगोलीच्या म्हाताऱ्याला विचारा.

हा किसन साखरा गावचा. कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, मामाकडे शिकायला म्हणून हिंगोलीत आला, शिकला काहीच नाही, पण आमच्या बचावात भिंतीसारखा उभा राहायला शिकला. नंतर वडिलांनी त्याला शेतीला परत नेलं. तो फक्त सामन्यापुरता यायचा, निम्मी वाट बैलगाडीनं, निम्मी पायी. तरी उस्ताद रोज सकाळी हजेरीत त्याचं नाव घेत. आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, "गैरहाजर." एकदा मी सुचवलं की किसनचं नाव काढून टाकू, रोज रोज काय घ्यायचं. उस्ताद म्हणाले, "नाव खोडायचं नाही. माणूस नाही आला तर गैरहाजर लिहायचं. त्यासाठीच तो शब्द केलाय."

क्लबाचा तो कायदाच होता. एकदा आत आलेलं नाव बाहेर जात नसे. एक जण हैदराबादेत नोकरीला लागला, त्याचं नाव चालूच राहिलं. आमचा एक गडी हिवतापानं गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी हजेरीत उस्तादांनी त्याचंही नाव घेतलं आणि थांबले. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लिही मुन्शी, गैरहाजर." मी लिहिलं. वही भरली की मी नवी वही आणायचो, सगळी नावं पुन्हा पहिल्यापासून उतरवायचो आणि ती चामड्याच्या वेष्टनात सरकवून उस्तादांना द्यायचो. तेवीस नावं. त्यातली बारा मुसलमान, अकरा हिंदू. ही मोजणी मी पुढे केली. तेव्हा कुणी केली नव्हती.

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा आला. त्या दिवसांबद्दल आमच्या भागातल्या माणसांना फार सांगायला नको. निजाम हिंदुस्थानात सामील होत नव्हता, रझाकारांची दहशत होती, आणि सरहद्दीपलीकडून येणाऱ्या बातम्यांनी लोक आणखी बिथरत होते. आमच्याकडची कितीतरी घरं बायकामुलांना घेऊन वऱ्हाडात वाशीमला निघून गेली होती. मैदानावरची हजेरी घटत चालली. हिंदू पोरं आधी थांबली, मग मुसलमान पोरंही घराबाहेर पडेनाशी झाली. उस्ताद मात्र रोज जायचे. चार पोरं आली तर चारांना पळवायचे.

आमच्या घरीही वाशीमला जायचं ठरलं. निघायच्या दोन दिवस आधी माझे थोरले भाऊ, दादा, मला म्हणाले, "त्या उस्तादाकडे तुझ्या नावाचा काही कागद हाय का?" मी वहीचं सांगितलं. दादांचा चेहरा उतरला. "मुसलमानाच्या घरात उर्दूत ल्हिलेली यादी, अन् तिच्यात आपलं नाव? उद्या राज्य कुणाचं येईल, कोण कुणाला काय इचारील, सांगता येतं का? काढ ते नाव."

मी दादांशी वाद घालू शकलो असतो. घातला नाही, कारण भीती मलाही वाटत होती. तीही कशाची ते नेमकं सांगता येत नव्हतं. दुपारी मी उस्तादांच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "उस्ताद, वही भरत आलीय. जाण्याआधी नवी करून देतो." भरत आली नव्हती. निम्मी पानं कोरी होती. त्यांनी हातातली चामडं कापायची रापी खाली ठेवली, हात पुसले आणि पेटीतून वही काढून दिली. म्हणाले, "परदेशी निघालास, अन् तुला क्लबाची याद आहे. बरं वाटलं."

घरी येऊन मी माडीवर बसलो. नुसतं माझं नाव काढावं तर ते उठून दिसेल असं वाटलं. मग विचार केला, बाकीच्या हिंदू पोरांचंही भलंच होईल की. असा विचार करताना मी स्वतःला फार शहाणा आणि सगळ्यांची काळजी वाहणारा समजत होतो, हे मला नीट आठवतं. मी बारा नावं सुंदर अक्षरात, पान भरलेलं दिसेल इतक्या मोकळ्या ओळींत उतरवली. मागच्या दोन महिन्यांची हजेरी, ज्या दिवशी जो आला होता तशी, बरोबर भरली. अकरा नावं सोडून दिली. खोडलं काहीच नाही. कागदावर एक काट नव्हती. जो हिवतापानं गेला तो मुसलमान होता, तो राहिला. किसनचं नाव गेलं.

नवी वही वेष्टनात सरकवली, फुलाची बाजू वर केली आणि संध्याकाळच्या आत उस्तादांना नेऊन दिली. त्यांनी ती उघडली. त्यांचं बोट पहिल्या ओळीवरून खाली आलं, पानाच्या तळाशी गेलं. "अक्षर दिवसेंदिवस चांगलं होतंय तुझं," ते म्हणाले आणि वही पेटीत ठेवली. जुनी वही कुठे आहे, हे त्यांनी विचारलं नाही. जुन्या वह्या नेहमी माझ्याकडेच राहत. मी ती माडीवर तुरीच्या पोत्यामागे टाकली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही वाशीमला निघालो.

भाद्रपदात फौजा आल्या, निजामाचं राज्य चार-पाच दिवसांत संपलं. आम्ही दसरा करून हिंगोलीला परतलो. गाव शांत होतं, पण आमच्या ओळखीची कितीतरी दुकानं बंद होती. उस्तादांचंही बंद होतं. मला वाटलं, आजारी असतील. घरी गेलो तर चाची, म्हणजे त्यांची बायको, दारातच बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं ते असं.

गावात झडत्या चालल्या होत्या. कुणीतरी सांगितलं होतं की हा म्हातारा रोज सकाळी पोरांना मैदानावर रांगेत उभं करतो, शिट्टी वाजवून पळवतो, म्हणजे रझाकारांची कवायतच घेतो. झडतीत शिट्टी सापडली, चामडं कापायच्या रापी सापडल्या आणि वही सापडली. अधिकारी चांगल्या माणसासारखा बोलला. त्यानं विचारलं, ही पोरं कोण? उस्ताद म्हणाले, "साहेब, ये मेरी टीम है. फुटबॉल की. इसमें आधे बच्चे हिंदू हैं. मला वाचता येत नाही, पर नावं सगळी लिहिलेली आहेत. तुम्ही वाचा."

साहेबानं बरोबरच्या उर्दू येणाऱ्या माणसाला वही दिली. त्यानं मोठ्यानं वाचली. बारा नावं. एकही हिंदू नाही. प्रत्येकापुढे रोजची हजेरी. उस्ताद म्हणाले, पुन्हा वाचा. त्यानं पुन्हा वाचली. मग उस्तादांनी स्वतःच नावं म्हणायला सुरुवात केली, पहिल्यापासून, सगळी तेवीस. पण आता ते कोण ऐकणार? वहीत नसलेली हिंदू नावं हा माणूस जागच्या जागी रचून सांगतोय, असंच तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाटलं. त्यांना परभणीच्या तुरुंगात नेलं.

चाची हे सांगून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुन्शी, तू लिखा था ना? सबके नाम लिखे थे ना?"

"हो चाची," मी म्हणालो. "सगळी लिहिली होती."

असं उत्तर देताना मी मनात जुनी वही धरली होती. म्हणजे खोटं बोलतोय असं मला वाटू नये याची सोय मी करून घेतली होती. चाचींनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, मग पढनेवाले ने जान के नहीं पढ़े होंगे. एका अनोळखी माणसावर माझं पाप जाऊन बसलं आणि मी ते बसू दिलं.

घरी जाऊन पोत्यामागची वही काढली. तेवीस नावं, दोन वर्षांची हजेरी, माझ्याच हातची. एवढी वही नेऊन दाखवली असती तर काम झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धोतराच्या सोग्यात गुंडाळून मी कचेरीपर्यंत गेलो. बाहेर माणसांची रीघ होती. ज्यांचं घर लुटलं गेलं होतं ते आलेले, ज्यांची माणसं मेली होती ते आलेले. त्यांतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं, "तू कशाला आलास रे मुन्शी?" मी म्हणालो, "सहज." आणि परत फिरलो. लोकांच्या डोळ्यांदेखत एका कैद केलेल्या मुसलमानासाठी बोलायचं, आणि बोलायचं तर आधी हे सांगायचं की यादीतून नावं मी गाळली. पहिलं कदाचित जमलं असतं. दुसरं जमेना. रोज ठरवायचो उद्या जाऊ. तुम्ही विचाराल, किती दिवस? दिवाळी झाली.

दिवाळीनंतर एका सकाळी किसन आमच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. पायात धूळ, डोक्याला मुंडासं. मी त्याला पाणी दिलं. त्यानं सांगितलं ते ऐकताना मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. उस्तादांना धरल्याचं त्याला सेनगावच्या बाजारात कळलं होतं. ज्वारीची राखण भावावर सोपवून तो पायी हिंगोलीला आला, इथून परभणीला गेला आणि तिथल्या कचेरीपुढे तीन दिवस बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला आत बोलावलं.

"म्या म्हनलं, साहेब, म्या किसन, साखऱ्याचा, हिंदूच हाय. सा वर्सं ह्या मानसाच्या क्लबात खेळून राहिलो. त्यो फकस्त बॉल शिवतो. साहेब म्हनला, मंग तुजं नाव वहीत काहून न्हाई?"

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"काय म्हननार? म्हनलं, आमचा मुन्शी इसरला आसंल. ल्हिनारा बी मानूसच हाय." तो पाण्याचा तांब्या खाली ठेवून माझ्याकडे बघू लागला. "तू गेलता का रं सांगायला?"

"जाणारच होतो," मी म्हणालो.

किसन अडाणी होता, पण मैदानात समोरचा कुठून निसटणार हे त्याला आधी कळायचं. तो उठला, मुंडासं नीट केलं आणि म्हणाला, "सोडत्याल आठ दिसांत. तकलीफ लई झाली म्हाताऱ्याला." जातो असंही न म्हणता तो निघून गेला. त्यानंतर किसन माझ्याशी कधीच बोलला नाही. बाजारात दिसला तरी रस्ता बदलायचा. त्याला सगळं कळलं होतं, पण त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, उस्तादांनाही नाही.

उस्ताद सुटून आले. गाव त्यांच्याशी वाईट वागलं नाही, पण काही तरी गेलं ते गेलंच. हिंदू आळीत लोक म्हणत, म्हातारा सुटायसाठी आपल्या पोरांची नावं सांगत होता. मुसलमान मोहल्ल्यात म्हणत, आपल्या बारा पोरांची नावं लिहून ठेवून यानंच त्यांना अडकवलं. त्यांतल्या तिघांनाही नंतर चौकशीला नेलं होतं. पूर्ण्याच्या मैदानावर ज्याच्या एका शब्दावर दोन्ही बाजू ऐकायच्या, त्याचा शब्द आता त्याच्या गल्लीतही कुणी धरीना. मैदानावर ते एकदाच गेले म्हणतात. कुणी आलं नाही. मी दुकानातून त्यांना जाताना पाहिलं होतं. गल्ल्यामागे खाली वाकून मी काहीतरी शोधत राहिलो.

नंतर कळलं की ते मुलीकडे निजामाबादेला निघालेत, कायमचे. मग मात्र मला राहवलं नाही. जुनी वही घेऊन मी स्टेशनवर गेलो. सांगून टाकायचं, वही हातात द्यायची, ते मारतील तर मार खायचा, असं ठरवून गेलो होतो. दुपारची गाडी होती. उस्ताद लाकडी पेटीवर बसले होते. गाल आत गेले होते, दाढी पांढरीफेक झाली होती. चाची थोड्या अंतरावर बोचकं घेऊन उभ्या होत्या. मला पाहून ते उठायला लागले, गुडघ्यांनी साथ दिली नाही, पुन्हा बसले.

"मुन्शी," ते म्हणाले, "बरं झालं तू आलास. मलाच तुझ्या घरी यायचं होतं, पर म्हटलं तुझ्या दादाला आवडेल न आवडेल."

मी तोंड उघडलं, तोच त्यांनी हातानं थांबवलं.

"आधी माझं ऐक. मला तुझी माफी मागायची आहे. त्या दिवशी साहेबापुढे मी तुमची नावं घेतली. तुझं बी घेतलं. घ्यायला नको होतं. तुम्ही वाशीमला, इकडे तुमच्या नावानं कोण काय करील, हा विचारच मनात आला नाही. अन् मला वाटतं वही बी मी चुकीची दिली. पेटीत कुठली तरी दुसरी असेल, घाईत तीच हाताला लागली. वाचता येत नाही ना मला. तुझी मेहनत मी वाया घालवली." त्यांचा आवाज खाली आला. "आत बसल्या बसल्या मला एकच घोर होता. खरं सांग, माझ्यापायी तुला काही तकलीफ तर नाही झाली?"

वही माझ्या सोग्यात होती. हात तिच्यावरच होता. गाडीची घंटा झाली नव्हती, वेळ भरपूर होता. मी आजवर कैक वेळा स्वतःला हे सांगून पाहिलं आहे की एका थकलेल्या माणसाला जाताना आणखी दुःख द्यायला नको म्हणून मी गप्प राहिलो. ते खरं नाही. त्यांनी मला क्षमा केली असती हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ज्यांना मी तुरुंगात घातलं त्यांच्याकडून ती घ्यायची लाज वाटली, एवढंच खरं आहे.

"नाही उस्ताद," मी म्हणालो. "मला काही झालं नाही."

"मग बस," ते म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मोकळा झालेला दिसला. त्यांनी आशीर्वादासाठी हात वर केला. पेटीवर बसलेल्या माणसाचा हात माझ्या डोक्यापर्यंत पोचत नव्हता, तेव्हा मी वाकलो आणि तो डोक्यावर ठेवून घेतला.